फोन उचलणारा उमेदवार

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून भलत्या अपेक्षा करायला नकोत. पाल दिसली की मी पलंगावर चढते. दुबईत आल्यावर शेख झायेद रोडवर गाडी घालायला मला चार वर्षं लागली. वेग मोजणाऱ्या रडारचा फ्लॅश शेजारच्या गाडीसाठी उडाला तरी पुढचे दोन दिवस मी दंडाचा मेसेज आला का ते बघत बसते. अशा बाईने निवडणुकीच्या भानगडीत पडूच नये. पण माझं तोंड! ते कुठे माझं ऐकतं?

झालं असं. इथल्या सगळ्या भारतीय मंडळांची मिळून एक मोठी संघटना आहे. तिच्या अध्यक्षपदासाठी प्रत्येक मंडळाने आपलं एकच नाव पाठवायचं, आणि ते नाव आधी मंडळाच्या सभासदांनी आपापसात मतदान करून ठरवायचं. अमेरिकेत अध्यक्षाच्या निवडणुकीआधी पक्षातल्या पक्षात जी निवडणूक होते, टीव्हीवर महिनोन्‌महिने चालते, तिचीच ही घरगुती आवृत्ती. आमच्या मराठी मंडळातून दर खेपेला एकच नाव जायचं, अध्यक्षसाहेबांचं. अल मनखूलच्या जुन्या वस्तीत पंचवीस वर्षं राहिलेले, कडक इस्त्रीतले, रुबाबदार गृहस्थ. त्यांच्यासमोर कुणी उभं राहत नसे. ‘बिनविरोध’ म्हणून टाळ्या वाजवायच्या आणि साबुदाणा वडे खायला रांगेत लागायचं, अशी पद्धत.

त्या वर्षी मात्र एक जण उभा राहिला. राजापूरकडचा माणूस, एका कंत्राटी कंपनीत एसीच्या कामावर फोरमन. राहायला दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या कंपनीच्या कॅम्पात, एका खोलीत सहा जण. मंडळाच्या सभेला तो यायचा तो खुर्च्या लावायला. त्याने उभं राहून “मला पण अर्ज भरायचाय” म्हटलं तेव्हा पुढच्या रांगेतून कुणीतरी हसत म्हणालं, “अरे वा, आणि तिकडे मोठ्या संघटनेत इंग्लिशमध्ये कोण बोलणार?”

मला त्या हसण्याचा राग आला. कारण त्या माणसाला मी ओळखत होते. दोन वर्षांपूर्वी माझ्या सासूबाई आमच्याकडे व्हिजिटवर आल्या होत्या आणि डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या घरात सकाळी चहा घेता घेता गेल्या. परक्या देशात घरात माणूस गेलं की काय करायचं असतं? पोलीस, दवाखाना, कॉन्सुलेट, विमानाचं कार्गो, कशालाच हात कुठून घालायचा ते कळेना. नवरा भिंतीला टेकून बसलेला. मी अध्यक्षसाहेबांना सात वेळा फोन केला, वाजून वाजून बंद झाला. मग खालच्या किराणावाल्याने ह्या फोरमनचा नंबर दिला. दुसऱ्या रिंगला उचलला. कंपनीच्या निळ्या कपड्यांतच आला आणि दोन दिवस आमच्याबरोबर कागद घेऊन फिरला. “ताई, तुम्ही बसा, मी बघतो,” एवढंच म्हणायचा. कुणाचा कोण!

म्हणून मी त्या सभेत उठले आणि म्हटलं, “ह्यांचं कॅम्पेन मी करते.” टेबलाखालून नवऱ्याने माझ्या पायावर पाय दिला, पण तोवर बोलून झालं होतं.

कॅम्पेन हा माझा पोटापाण्याचा धंदाच आहे. नवीन मसाला, नवीन साबण सुपरमार्केटमध्ये आणायचा असेल तर तो कुणाला विकायचा हे ठरवणाऱ्या एजन्सीत मी आहे. तिथला पहिला धडा असा, की जुन्या ब्रँडचं गिऱ्हाईक फोडायला जाऊ नका, त्यात दात पडतात. ज्यांना आजवर कुणी विचारलंच नाही त्यांच्याकडे जा. अल मनखूलमधली जुनी कुटुंबं अध्यक्षांची होती, ती मी सोडून दिली. पण मंडळाच्या घटनेत एक कलम होतं, एकट्या राहणाऱ्या माणसालाही सभासद होता येतं आणि एक मत देता येतं. कॅम्पातल्या शेकडो मराठी माणसांना हे कुणी सांगितलंच नव्हतं. ती आमची मतं. मतदान नेहमी शनिवारी सकाळी व्हायचं, तेव्हा ही माणसं साइटवर असतात. मी पत्र देऊन वेळ संध्याकाळी आठपर्यंत वाढवून घेतली. अध्यक्ष हसून “बरं, बरं” म्हणाले. त्यांना वाटलं बाईची हौस आहे.

आणि घोषवाक्य? ते तर आयतंच होतं. ‘फोन उचलणारा माणूस.’ बास. अध्यक्षांवर एक अक्षर टीका नाही, त्यांचं नाव नाही, काही नाही. ज्याला समजायचं त्याला समजतंय.

टीका नाही ती सभ्यतेपोटी नव्हे हं, भीतीपोटी. इथे व्हॉट्सॲपवर कुणाला वेडंवाकडं लिहिलं आणि त्याने स्क्रीनशॉट पोलिसांत नेला, तर केस होते, हे इथे राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. म्हणून मी फोरमनला पहिल्या दिवशी नियम घालून दिला, “भाऊ, मेसेज लिहायचा नाही. मला नाही, कुणालाच नाही. कॅम्पेनचं एक अक्षरही मोबाईलवर नको. काही असलं तर फोन करायचा.” तो म्हणाला, “बरं ताई.” त्या माणसाने तो नियम शेवटपर्यंत पाळला. पाळला नसता तर बरं झालं असतं.

मोबाईलवर काही नको म्हटल्यावर सभासदांची नावं लिहायची कुठे? मी दोन दिरहॅमच्या दुकानातून, म्हणजे आपले पन्नास रुपये म्हणा, एक लांबट वही आणली. काळ्या पुठ्ठ्याची, लाल पाठीची. आपल्याकडे सोसायटीची मीटिंग असो, भिशी असो की शोकसभा, आधी वही फिरते. नाव, पत्ता, सही. वहीशिवाय सभा झाल्यासारखीच वाटत नाही आपल्याला. पहिल्या पानावर मी सुवाच्य अक्षरात मथळा घातला, ‘मंडळाच्या निवडणुकीसाठी पाठिंबा सभा’, तारीख, जागा, आणि खाली ‘निमंत्रक’ म्हणून माझं पूर्ण नाव, मोबाईल नंबर, बिल्डिंगचं नाव. बाजूला बसलेली माझी लेक म्हणाली, “Mom, why do you need all that?” मी म्हटलं, “पद्धत असते.”

रविवारी दुपारी मी आणि नवरा कॅम्पावर गेलो. रविवारी सुट्टी, भाऊबंद जेवायला येतात, त्यामुळे गेटवरच्या गार्डने फोरमनच्या नावासमोर नुसतं ‘दोन पाहुणे’ लिहिलं आणि आत सोडलं. मेसमध्ये लांब लांब स्टीलची टेबलं, रश्श्याचा आणि फिनेलचा वास, आणि बत्तीस माणसं. कोकणातली, मराठवाड्यातली, आंघोळी करून, केस चापून बसवून आलेली. बाई बोलणार म्हणून दोघातिघांनी चक्क इन केलेलं. मी पंधरा मिनिटं बोलले. बरं बोलले असणार, कारण शेवटी टाळ्या पडल्या. वही फिरत होती. नाव, खोली नंबर, कंपनीचा नंबर, सही. एक जण तर म्हणाला, “ताई, पगाराच्या कागदाशिवाय पहिल्यांदाच सही करतोय.” सगळे हसले.

तेवढ्यात दारात कॅम्प बॉस येऊन उभा राहिला. कॅम्प बॉस म्हणजे कंपनीतर्फे कॅम्पावर नजर ठेवणारा माणूस. त्याने आधी माणसं बघितली, मग मला बघितलं. “ये क्या मीटिंग है? परमिशन किधर है?”

परमिशन! माझ्या डोक्यात लख्खकन उजेड पडला. मंडळाच्या हॉलला परवानगी असते. इथे, कामगारांच्या मेसमध्ये, बत्तीस माणसं जमवायला मी कुणाला विचारलं होतं? कुणालाच नाही. पुण्यातल्या सोसायटीच्या गच्चीवर जमवावीत तशी जमवली होती. मी टेबलाखाली वाकून पर्स शोधायला लागले, पर्स माझ्या खांद्यालाच होती.

“मॅडम कौन है?” वरून आवाज आला.

“मेरी बहन है,” फोरमन म्हणाला. “खाना खाने आई है.”

मी वर आले तेव्हा वही कॅम्प बॉसच्या हातात होती. तो पानं उलटत होता. नावं, खोल्या, सह्या. खाली, आणखी खाली, सह्या. त्याचा चेहरा बदलला. “ये साइन किसलिए लिया? सॅलरी का मामला है? काम बंद करना है?”

तेव्हा मला खरं कळलं. इथे कामगारांनी काम बंद करणं हा गुन्हा आहे. आणि बत्तीस कामगारांच्या खोली नंबरासकट सह्या असलेली वही म्हणजे ह्या माणसाच्या डोळ्यांना दुसरं काय दिसणार? हजेरी ती फक्त आम्हाला दिसते, त्याला त्यात संप दिसला. “नहीं साब, मंडल का है, गणपती का,” सगळे एकदम बोलायला लागले. तो म्हणाला, “ऑफिस में बोलना,” आणि वही काखोटीला मारून गेला. फोरमनने आम्हाला झपाझप गाडीपर्यंत आणलं. “ताई, तुम्ही निघा. यल्ला, यल्ला, थांबू नका.”

घरी आल्यावर नवऱ्याने पार्किंगमध्ये गाडी बंद केली आणि म्हणाला, “पहिल्या पानावर तुझं नाव आहे ना?”

नाव, नंबर, बिल्डिंग. सगळं होतं, सुवाच्य अक्षरात.

पुढचे दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. लिफ्टमध्ये कंदुरा, म्हणजे इथल्या अरबांचा लांब पांढरा झगा, घातलेला कुणी माणूस दिसला की मी जिन्याने जायची. सोमवारी कुरियरवाल्याने बेल वाजवली तर मी बाथरूममध्ये जाऊन उभी राहिले, खरं सांगते. नवऱ्याची नोकरी, लेकीचं दहावीचं वर्ष, आमचे तिघांचे व्हिसा, सगळं त्या पन्नास रुपयांच्या वहीच्या पहिल्या पानावर मी माझ्या हाताने लिहून दिलं होतं. आणि त्या बत्तीस जणांचं काय? प्रत्येकाच्या मागे गावाकडे चार तोंडं. त्यांना परत पाठवलं तर? हे मनात यायचं, नाही असं नाही. पण मला आधी माझी भीती वाटायची आणि मग त्यांची, हा क्रम मी आज लपवत नाही.

मंगळवारी किराणावाल्याकडून कळलं, की कंपनीच्या ऑफिसात एकेकाला बोलावून विचारतायत, सही कशाची, बोलावलं कुणी. सगळे मंडळाचं नाव सांगतायत आणि ऑफिस म्हणतंय, पुरावा दाखवा. मी म्हटलं, “आपण जाऊन सांगू या का? मी बोलावली होती म्हणून?”

नवरा म्हणाला, “सांग की. मग तुला विचारतील परवानगी कुठे होती. काय सांगशील?”

“पण पुरावा त्यांच्या हातातच आहे ना! पहिल्या पानावर मथळाच आहे, मंडळाच्या निवडणुकीसाठी म्हणून. कुणाकडून तरी वाचून घेतील.”

“मग घेतील वाचून. तू कशाला मध्ये पडतेस?”

हे ऐकून मला बरं वाटलं. कुणीतरी मला जाऊ नको म्हणायला हवं होतं आणि त्याने म्हटलं. पण लगेच दुसरी धडकी भरली, मथळा वाचतील म्हणजे त्याखालचं नावही वाचतील.

गुरुवारी दुपारी मी ऑफिसमध्ये डेस्कवर होते. फोन थरथरला. स्क्रीनवर फोरमनचं नाव. मी बघत राहिले. हा कशाला फोन करतोय? ह्याला कंपनीच्या ऑफिसात बसवलं असणार. शेजारी कुणीतरी बसलं असणार. म्हणेल, ताई, तुम्ही या आणि सांगा. की फोन त्याचा आणि बोलणारा दुसराच कुणी? फोन बंद झाला. दोन मिनिटांनी परत आला. मी त्याच्यावर फाइल ठेवली. फाइलीखाली तो गुरगुरत राहिला. असे चार फोन आले. चौथ्याला मी उठून पॅन्ट्रीत गेले आणि पाणी प्यायले. परत आले तेव्हा आणखी फोन नव्हता. मेसेजही नव्हता.

मी त्याला उलट फोन केला नाही. उद्या करू म्हटलं, मग परवा. शनिवारी मतदान होतं. हॉलमध्ये मी मागच्या खुर्चीवर बसले. चिटणीसांनी जाहीर केलं, की एका उमेदवाराने वैयक्तिक कारणाने अर्ज मागे घेतला आहे. ‘बिनविरोध!’ टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, कारण सगळे बघत होते असं मला वाटलं. कुणी बघत नव्हतं. वड्यांचा वास यायला लागल्यावर मी उठून घरी आले.

पुढच्या मंगळवारी चारच्या सुमाराला बेल वाजली. मी एकटीच घरी होते. दाराच्या भोकातून बघितलं तर फोरमन. निळ्या कपड्यांत नव्हता, पांढरा शर्ट घातलेला. मी भोकाला डोळा लावून किती वेळ उभी राहिले कोण जाणे. त्याने दुसऱ्यांदा बेल वाजवली नाही, नुसता उभा राहिला. मग मीच दार उघडलं.

आत ये म्हटलं तर म्हणाला, “नको ताई, टॅक्सी खाली थांबवलीय. उद्या सकाळची फ्लाइट हाय. कंपनीने कॅन्सल केलं मला, व्हिसासकट.” असं म्हणाला जसं कुणी सांगावं, की बस बदलायची आहे.

“आणि बाकीचे?” मी विचारलं.

“सगळे कामावर हायत. बत्तीसच्या बत्तीस. ऑफिसवाले म्हणाले, कुणी एकाने बोलावलं असणारच ना, एक नाव द्या, बाकीच्यांना सोडतो. मी माझं दिलं.” मग त्याने खिशातून एक घडी केलेला कागद काढला आणि माझ्या हातात दिला. “हे तुमचं.”

मी घडी उघडली. वहीचं पहिलं पान. मथळा, तारीख, निमंत्रक, माझं नाव, नंबर, बिल्डिंग. एका बाजूने फाटलेलं.

“हे… हे वहीत नव्हतं?”

“नाय ना. तो दारात दिसला तेव्हाच फाडलं मी. तुम्ही खाली पर्स बघत होतात.”

नऊ दिवस! नऊ दिवस मी ज्या पानासाठी मेले, ते ह्याच्या शर्टाच्या खिशात होतं. आणि पहिल्यांदा मला काय वाटलं सांगू? सुटले, असं वाटलं. अगदी छातीतून. लाज मागाहून आली.

मग डोक्यात दुसरी गोष्ट शिरली. “अहो, पण ह्याच्यावर तर स्पष्ट लिहिलंय, मंडळाची निवडणूक म्हणून! ऑफिस पुरावा मागत होतं ना? हे दाखवलं असतं तर तुम्हाला नुसती समज देऊन सोडलं असतं.”

“होय तर,” तो म्हणाला. “गुरुवारी साहेब तेच म्हणाला. संपाचं नाय हे कागदावर दाखव, खलास, जा कामावर. कागद माझ्या खिशातच होता.”

“मग?”

“तुमचं नाव हाय ना त्याच्यावर. न विचारता कसा दाखवणार? साहेबाने दहा मिनिटं दिली. म्हणून फोन लावत होतो तुम्हाला, दाखवू का म्हणून विचारायला. मेसेज टाकणार होतो, पण तुम्हीच सांगितलेलंत ना, लिहायचं काय नाय, फोनच करायचा.”

खाली टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला. त्याने वाकून जिन्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मीच कुठे अवघडू नये अशा बेताने म्हणाला, “मला वाटलं, कामात असाल तुम्ही.”

“हो,” मी म्हटलं. “कामात होते.”